तारा लावलेल्या दातांच्या फटी कशा स्वच्छ कराव्यात : साधने, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

दातांना तारा बसवल्यानंतर बहुतेक जण ब्रश जास्त वेळ आणि जास्त जोराने करू लागतात. तरीही काही महिन्यांनी हिरड्या सुजतात, ब्रॅकेटभोवती, म्हणजे तार धरून ठेवण्यासाठी दातावर चिकटवलेल्या छोट्या तुकड्याभोवती, पांढुरके डाग उमटतात आणि दोन दातांच्या मध्ये कीड सुरू झालेली आढळते. दाताच्या पाच बाजू धरल्या, तर ब्रश त्यांपैकी ओठाकडची, जिभेकडची आणि चावण्याची अशा तीनच बाजूंपर्यंत नीट पोहोचतो. शेजारच्या दातांकडे तोंड करून असलेल्या उरलेल्या दोन बाजूंवरचा जंतूंचा चिकट थर तसाच राहतो. तारा नसलेल्या तोंडात फ्लॉस, म्हणजे फटी साफ करायचा बारीक धागा, चावण्याच्या कडेने थेट फटीत उतरवून ही उणीव भरून काढता येते, परंतु आडवी तार आली की नेमकी ती वाट अडते. म्हणूनच तारा असेपर्यंत फटींच्या स्वच्छतेसाठी वेगळी साधने आणि ठरलेला क्रम लागतो. ब्रॅकेटभोवतीचे पांढरे डाग पडायला वर्ष-दोन वर्षे लागतात, या समजुतीत कोणी राहू नये. थर साचत राहिला तर पहिल्या महिनाभरातही दाताच्या आवरणातील खनिजे झिजून असे डाग दिसू लागतात, आणि तारा काढल्यावर ते सहसा पूर्णपणे जात नाहीत.

पुढील मार्गदर्शन ब्रॅकेट आणि तार असलेल्या पक्क्या उपचारासाठी आहे. काढता-घालता येणारे पारदर्शक अलायनर (दात सरळ करणारे साचे) वापरणाऱ्यांनी ते काढून नेहमीप्रमाणे फ्लॉस करावा; त्यांना खालील खटाटोपाची गरज नाही.

टप्पा १ : साधने आणि त्यांचे माप

पुढील वस्तू पहिल्याच आठवड्यात घरात असाव्यात.

- इंटरडेंटल ब्रश, निदान दोन मापांचे. बारीक तारेवर गोलाकार केस असलेला हा छोटा ब्रश औषधांच्या बहुतेक मोठ्या दुकानांत मिळतो.
- मेण लावलेला फ्लॉस आणि त्यासाठी फ्लॉस थ्रेडर. थ्रेडर म्हणजे सुईच्या नेढ्यासारखा मोठा फासा असलेला प्लास्टिकचा लवचीक तुकडा. सुपरफ्लॉस मिळत असेल तर थ्रेडर लागत नाही, कारण त्याचे एक टोक मुळातच ताठ असते.
- मऊ केसांचा ब्रश. मधल्या रांगेतील केस आखूड असलेला ऑर्थोडॉन्टिक ब्रश मिळाल्यास उत्तम.
- एकाच झुपक्याचा लहान ब्रश, शेवटच्या दाढांसाठी.
- फ्लोराइड असलेली पेस्ट. भारतात विकल्या जाणाऱ्या पेस्टमध्ये ते साधारण १००० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत १००० भाग) असते. वेष्टनावरील घटक वाचूनच पेस्ट घ्यावी, कारण आयुर्वेदिक किंवा हर्बल म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पेस्टमध्ये फ्लोराइड अजिबात नसते.

यांपैकी चूक होते ती मुख्यतः इंटरडेंटल ब्रशच्या मापात. एकच पाकीट आणायचे आणि तोच ब्रश तोंडभर चालवायचा, ही पद्धत निरुपयोगी आहे. पटाशीच्या दातांमधील फट अरुंद असते, दाढांमधील रुंद असते, आणि उपचारासाठी उपदाढा काढल्या असतील तर तेथील मोकळी जागा आणखी मोठी असते. ब्रशची मधली धातूची तार दाताला न घासता फटीतून जावी आणि केसांचा किंचित अडथळा जाणवावा, हे योग्य माप. अजिबात अडथळा जाणवला नाही तर ब्रश लहान आहे. तार वाकू लागली किंवा ढकलावे लागले तर मोठा आहे. रंगावरून माप लक्षात ठेवणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी: एका कंपनीचा लाल दुसऱ्या कंपनीच्या लालइतकाच असेल असे नाही. पहिली निवड दंतवैद्याच्या खुर्चीत बसूनच करून घ्यावी, आणि दात सरकत असल्यामुळे फटींचे आकार बदलत जातात हे ध्यानात ठेवून दर भेटीत माप पुन्हा विचारावे.

> इशारा : टूथपिक, काडेपेटीची काडी, सेफ्टी पिन किंवा टाचणी यांनी फट कोरू नये. काडीचे टोक तारेखाली मोडून अडकते आणि टाचणीने हिरडी फाटते. राखुंडी, कोळशाची पूड आणि मिश्री यांचा तर या तोंडात काहीच उपयोग नाही. त्यांचे कण ब्रॅकेटच्या खाचांत जाऊन बसतात, आणि मिश्री हा तंबाखूच असतो.

टप्पा २ : वेळ, उजेड आणि फटींची मोजणी

फटींची पूर्ण स्वच्छता दिवसातून एकदा, रात्री झोपण्यापूर्वी करावी. झोपेत लाळ कमी होते, त्यामुळे रात्रभर राहिलेले अन्न आणि थर दिवसापेक्षा जास्त नुकसान करतात. सुरुवातीला या कामाला पंधरा-वीस मिनिटे लागतात, हात बसल्यावर निम्म्याहून कमी. अभ्यास, जेवण, मोबाइल असे सगळे उरकून डोळ्यांवर झोप आल्यावर हे काम काढले की ते अर्धवटच होते. शाळकरी मुलांच्या बाबतीत जेवण झाल्यावर अर्ध्या तासाने, जाग असतानाच, ते उरकून घ्यावे. त्यानंतर मात्र पाण्याशिवाय काही नाही.

न्हाणीघरातला मंद दिवा या कामाला पुरत नाही. आरसा डोळ्यांच्या उंचीवर हवा आणि उजेड मागून न येता चेहऱ्यावर पडायला हवा.

सुरुवात करण्यापूर्वी एकदा आपल्या तोंडातील फटी मोजाव्यात. अक्कलदाढा सोडून २८ दात असतील तर वरच्या रांगेत १३ आणि खालच्या रांगेत १३ अशा २६ जागा होतात, आणि शेवटच्या चार दाढांच्या मागच्या बाजू त्यांत धरलेल्या नाहीत. चार उपदाढा काढल्या असतील तर २२. आकडा माहीत असला की आज किती राहिल्या हे कळते. क्रमही कायम ठेवावा: वरची उजवी शेवटची दाढ, तेथून डावीकडे शेवटपर्यंत, मग खाली डावीकडून उजवीकडे. क्रम बदलणाऱ्यांच्या बाबतीत सुटते ती नेहमी तीच जागा, आणि बहुधा ती दाढांमधली असते.

टप्पा ३ : तोंड मोकळे करणे

वरच्या आणि खालच्या दातांना जोडणारे रबर बँड लावत असाल तर ते आधी काढावेत आणि स्वच्छतेनंतर नवे लावावेत. त्यानंतर साध्या पाण्याने तीन-चार जोरदार चुळा भराव्यात. पोह्यांतले शेंगदाणे, पालेभाजीचे तुकडे, आंब्याचे धागे, मटणाचे रेषे असे तारेला लटकलेले मोठे अन्न यातच निघून जाते, आणि पुढच्या साधनाला ते फटीत आणखी आत ढकलावे लागत नाही.

तपासणी : आरशात प्रत्येक ब्रॅकेट पाहावा. एखादा तारेवर सरकत किंवा फिरत असेल तर तो दातापासून सुटला आहे. त्या दाताशेजारी ताण न देता अलगद काम करावे आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात कळवावे.

टप्पा ४ : इंटरडेंटल ब्रश

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण रोजच्या स्वच्छतेचा मोठा भाग येथेच होतो.

1. ब्रश पाण्याने ओला करावा. त्यावर पेस्ट घेऊ नये. फेसामुळे फट दिसेनाशी होते.
2. तारेच्या आणि हिरडीच्या मध्ये, दोन दातांच्या मधोमध जी त्रिकोणी जागा असते, तेथे ब्रशचे टोक टेकवावे. वरच्या रांगेत टोक किंचित खाली आणि खालच्या रांगेत किंचित वर रोखलेले असावे, म्हणजे ते हिरडीत रुतत नाही.
3. हलकेच आत सरकवावा आणि सरळ आत-बाहेर चार-पाच वेळा न्यावा. ब्रश गोल फिरवू नये. त्याने केस झडतात आणि मधली तार मोडते.
4. तसाच तो आधी उजव्या दाताला, मग डाव्या दाताला टेकवून एकेकदा आत-बाहेर करावा. फट एकच असली तरी साफ करायच्या बाजू दोन आहेत.
5. बाहेर काढून आता उभा धरावा आणि तारेच्या मागून, ब्रॅकेटच्या बाजूने, आधी वरून खाली व मग खालून वर घालावा. ब्रॅकेटच्या कडेची ही बोटभरही नसलेली जागा पांढऱ्या डागांची आवडती जागा आहे.
6. दर दोन-तीन फटींनंतर ब्रश वाहत्या पाण्याखाली धुवावा, नाहीतर एका फटीतला थर दुसऱ्या फटीत जातो.

दाढांपर्यंत पोहोचताना ओठ ताणण्यासाठी तोंड मोठे उघडण्याची सवय असते. त्याने उलट गाल घट्ट होतो आणि हाताला जागा उरत नाही. तोंड अर्धेच उघडावे, गाल बोटाने बाजूला घ्यावा आणि ब्रशची मान थोडी वाकवावी. सरळ दांड्याऐवजी काटकोनात वळलेल्या दांड्याचा ब्रश मिळतो, तो दाढांसाठी सोयीचा पडतो.

पटाशीच्या दातांमध्ये, विशेषतः लहान वयात, हिरडीचे टोक फट पूर्ण भरून टाकते आणि सर्वांत बारीक ब्रशही जात नाही. तेथे ब्रश घुसवण्याचा हट्ट धरू नये. ती जागा फ्लॉसची.

> इशारा : ब्रशचे केस पसरले, झडले किंवा मधली तार वाकून मऊ पडली की तो टाकून द्यावा. तारा असलेल्या तोंडात एक ब्रश साधारण आठ-पंधरा दिवसच टिकतो. पैसे वाचवण्यासाठी महिनाभर तोच वापरला तर तार मोडून तुकडा फटीत राहण्याची भीती असते.

टप्पा ५ : थ्रेडरने फ्लॉस

जेथे दोन दात एकमेकांना टेकतात त्या बिंदूपाशी ब्रश पोहोचत नाही, आणि दोन दातांमधली कीड बहुतेकदा त्याच बिंदूच्या खालून सुरू होते. त्यामुळे इंटरडेंटल ब्रश झाला म्हणून फ्लॉस टाळता येत नाही. सर्व फटी रोज फ्लॉसने करणे जमत नसेल, तर ज्या फटींत ब्रश जात नाही त्या रोज कराव्यात आणि बाकीच्या एक दिवसाआड. रोज सर्व केल्या तर उत्तमच, पण दोन दिवस सगळे आणि मग पंधरा दिवस काहीच नाही, यापेक्षा ही विभागणी कितीतरी बरी.

1. साधारण ४५ सेंटिमीटर फ्लॉस तोडावा. त्याचे एक टोक थ्रेडरच्या फाशातून दहाएक सेंटिमीटर ओढून घ्यावे.
2. थ्रेडरचे टोक दोन ब्रॅकेटच्या मधोमध, तार आणि दात यांच्या मधून, चावण्याच्या कडेकडून हिरडीच्या दिशेने सरकवावे. तेथून ते ओठाच्या बाजूने बाहेर काढावे.
3. थ्रेडर ओढून फ्लॉस तारेच्या मागे आणावा. आता फ्लॉसचे एक टोक ओठाच्या बाजूला, हिरडीपाशी आहे आणि दुसरे चावण्याच्या कडेवर. हे दुसरे टोक तोंडाच्या आत, जिभेच्या बाजूला घ्यावे.
4. दोन्ही टोके बोटांना गुंडाळावीत. मागे-पुढे हलकेच करवतीसारखे हलवत फ्लॉस दोन दातांच्या सांध्यातून उतरवावा. एकदम जोर लावला की तो सटकन हिरडीत घुसतो, आणि 'फ्लॉसने हिरडी कापली' ही तक्रार बहुधा येथूनच निघते.
5. फ्लॉस एका दाताला कवेत घेईल असा वळवावा आणि हिरडीच्या कडेच्या किंचित आत जाईपर्यंत चार-पाच वेळा खाली-वर न्यावा. मग हिरडीचे टोक ओलांडून शेजारच्या दाताला तसेच करावे.
6. परत सांध्यातून चावण्याच्या कडेकडे काढावा, आतले टोक सोडावे आणि तारेमागून फ्लॉस ओढून घ्यावा. पुढच्या फटीसाठी न वापरलेला भाग पुढे आणावा.

तपासणी : फ्लॉस काढताना तो ओठाच्या दिशेने, तारेवर ताण देऊन ओढला जात नाही ना, हे पाहावे. अशा घाईने ब्रॅकेट सुटू शकतो.

फ्लॉस एकाच फटीत रोज फाटत असेल तर तेथे कीड, किटण (कडक झालेला थर) किंवा एखाद्या जुन्या भरणीची कड असू शकते. ते दंतवैद्याला दाखवावे. फ्लॉस बदलून पाहण्यात महिने घालवू नयेत.

> इशारा : दाढांना धातूचे बँड बसवण्यापूर्वी काही दिवस दाढांच्या मध्ये सेपरेटर म्हणून छोट्या रबरी कड्या ठेवतात. त्या फटींत या काळात फ्लॉस किंवा इंटरडेंटल ब्रश घालू नये. कडी निघून जाते आणि बँडसाठी जागाच होत नाही.

टप्पा ६ : दातांचा ब्रश

क्रमाची चूक येथे होते. बहुतेक घरांत आधी ब्रश, मग जमलेच तर फटी. फटी आधी मोकळ्या केल्या तरच पेस्टमधले फ्लोराइड त्या बाजूंना लागते. शिवाय फटींतून निघालेला मळ ब्रशने धुऊन जातो. उलटा क्रम ठेवला तर दमल्यावर जे सुटते ते नेमके फटींचे काम असते.

ब्रशचे केस ब्रॅकेटच्या हिरडीकडच्या बाजूला ४५ अंशांत तिरके धरून बारीक हालचाल करावी, मग ब्रॅकेटवर सरळ, मग चावण्याच्या कडेकडून तिरके. हिरडी आणि ब्रॅकेट यांच्यामधली पट्टी वगळली तर बाकी सगळे करूनही हिरड्या सुजतात. शेवटी एकाच झुपक्याच्या ब्रशने चारही शेवटच्या दाढांची मागची बाजू. दोन मिनिटे ही तारा नसलेल्यांची मोजणी झाली. येथे चार-पाच मिनिटे लागतात.

टप्पा ७ : फ्लोराइड तोंडात राहू देणे

पेस्ट थुंकावी, पण त्यानंतर पाण्याने खळखळून चूळ भरू नये. फ्लोराइडचा पातळ अंश दातांवर राहणे हाच या टप्प्याचा हेतू आहे. वर्षानुवर्षांच्या सवयीमुळे हे विचित्र वाटते, चार दिवसांत अंगवळणी पडते.

दंतवैद्याने ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइडचा माउथवॉश सांगितला असेल तर तो ब्रश केल्यानंतर लगेच न घेता दिवसाच्या दुसऱ्या वेळी, उदाहरणार्थ शाळेतून किंवा कामावरून आल्यावर, घ्यावा. क्लोरहेक्झिडिनचा माउथवॉश वेगळा. तो हिरड्या सुजल्यावर थोड्या दिवसांसाठी देतात, दीर्घकाळ वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात, आणि पेस्टनंतर लगेच घेतल्यास त्याचा परिणाम कमी होतो. औषधाच्या दुकानातून स्वतःच आणून तो महिनोन्‌महिने वापरू नये. कोणताही माउथवॉश फटीत चिकटलेला थर काढत नाही.

टप्पा ८ : आठवड्यातून एकदा रंगाची परीक्षा

थर दातांच्याच रंगाचा असल्याने 'स्वच्छ दिसते' या शब्दाला फारसा अर्थ नाही. थर रंगवणारी गोळी किंवा द्रव दंतवैद्याकडे अथवा औषधाच्या दुकानात मिळतो. आठवड्यातून एकदा सर्व टप्पे संपल्यावर तो लावावा, चूळ भरावी (टप्पा ७ मधल्या नियमाला आठवड्यातला हा एक अपवाद) आणि आरशात पाहावे: रंग राहिला तेथे थर राहिला. पालकांनी मुलांच्या तोंडात रोज डोकावून कटकट करण्यापेक्षा ही परीक्षा जास्त कामाची, कारण सुटलेली जागा मूल स्वतः पाहते. त्या जागांपासून पुढचा आठवडाभर स्वच्छतेची सुरुवात करावी.

रक्त आले तर

फटी साफ करायला सुरुवात केल्यावर रक्त येते आणि लोक थांबतात. बहुतेक वेळा रक्त साधनामुळे येत नाही, हिरडीला आधीच आलेल्या सुजेमुळे येते, आणि ती सूज थर काढल्याशिवाय उतरत नाही. जोर कमी करावा, मात्र काम चालू ठेवावे. रोज नीट केल्यास आठवड्या-दोन आठवड्यांत रक्त थांबायला हवे. दोन आठवड्यांनंतरही एकाच जागी येत राहिले, हिरडी ब्रॅकेटवर चढू लागली, पू दिसला किंवा दात दुखू लागला, तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. कडक झालेले किटण घरच्या कोणत्याही साधनाने निघत नाही; त्यासाठी दंतवैद्याकडून सफाई करून घ्यावी लागते. तारा असताना सफाई करता येत नाही, हा गैरसमज आहे.

डागांबाबत महाराष्ट्रात एक जास्तीची खबरदारी आवश्यक आहे. यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांतील काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त असल्याने मुळातच दातांवर पांढरे किंवा तपकिरी पट्टे असलेली मुले आढळतात. अशा मुलांच्या तारा बसवण्यापूर्वी दातांचे जवळून फोटो काढून ठेवावेत, म्हणजे नवा डाग कोणता आणि जुना कोणता यावर नंतर वाद होत नाही. पेस्ट आणि फ्लोराइडच्या माउथवॉशबद्दलही दंतवैद्याला विचारूनच ठरवावे.

घराबाहेर असताना

डब्यानंतर पूर्ण स्वच्छता कोणी करत नाही आणि तशी अपेक्षाही नाही. दप्तरात किंवा पिशवीत टोपण असलेला एक इंटरडेंटल ब्रश, छोटा आरसा आणि पाण्याची बाटली एवढे पुरते. चूळ भरावी, समोरच्या आणि दाढांमधल्या अडकलेल्या जागा दोन मिनिटांत मोकळ्या कराव्यात. चिक्की, तिळाची कडक वडी, गोड चिकट लाडू असे खाणे जेवणासोबतच संपवावे. दिवसभर चघळत राहिल्यास दातांवरचे आम्ल ओसरायला वेळच मिळत नाही. चिक्की, ऊस आणि मक्याचे कणीस दातांनी तोडणे तर ब्रॅकेटसाठीही वाईट.

पाण्याच्या बारीक धारेने फटी धुणारा वॉटर फ्लॉसर परवडत असेल तर तारांखालचे सुटे अन्न काढायला आणि हिरडीच्या कडेला तो चांगला आहे. परंतु दाताला चिकटलेला थर घासूनच निघतो, म्हणून तो टप्पा ३ मधल्या चुळांच्या जागी वापरावा. टप्पा ४ आणि ५ त्याने वगळता येत नाहीत.

तार बदलण्याच्या दिवशी

दवाखान्यात जुनी तार काढल्यावर आणि नवी बसवण्यापूर्वी काही मिनिटे दात मोकळे असतात. त्या वेळात थ्रेडरशिवाय सर्व फटी फ्लॉस करता येतात. दंतवैद्याला आधी सांगून ठेवल्यास ते सहसा थांबतात, आणि घरी न पोहोचणारी एखादी जागा त्यांना तेथेच दाखवता येते. उपचार संपल्यावर पुढच्या खालच्या दातांच्या आतल्या बाजूला दात पुन्हा सरकू नयेत म्हणून पक्की रिटेनर तार चिकटवली, तर थ्रेडर फेकून देऊ नये. त्या तारेखालून फ्लॉस नेण्यासाठी तोच लागतो, फक्त आता तो जिभेच्या बाजूने काढावा लागतो.